लसी '११० टक्के सुरक्षित' होत्या, मग लोक बिथरले का?

कोपऱ्यातला (धागाकर्ता)

३ जानेवारी २०२१, रविवार. औषध महानियंत्रकांनी कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनला आणीबाणीतल्या मर्यादित वापराची परवानगी जाहीर केली. सुरक्षिततेबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, लसी ११० टक्के सुरक्षित आहेत. लसीने नपुंसकत्व येतं या अफवेबद्दलही विचारणा झाली, तेव्हा त्यांनी ती साफ उडवून लावली. दुसरं उत्तर बरोबर होतं. पण पहिल्या उत्तराने दुसऱ्याचं वजन घालवलं असं मला वाटतं, आणि त्यासाठी हा धागा.

दंडाला चमचे चिकटल्याचे चुंबकवाले व्हिडिओ, लसीतली चिप, फाइव्ह-जी यांवर इथे पानंच्या पानं लिहून झाली आहेत. ते सगळं खोटं होतं. ज्यांना त्यावर अजून भांडायचंय त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा. मला बोलायचंय ते आपल्या बाजूबद्दल, म्हणजे 'लस घ्या' म्हणणाऱ्यांबद्दल. 'काही होत नाही हो', 'दुष्परिणाम शून्य', 'शंका घेतो तो अडाणी' असं आपण सगळीकडे बोलत होतो. हे बोलणं खरं नव्हतं आणि समोरच्याला ते कळत होतं. दंड दुखला, रात्री थंडी वाजून ताप भरला की 'शून्य' म्हणणारा माणूस खोटा पडायचा. मग पुढचं तो काहीही सांगो, कोण ऐकतंय?

कोव्हॅक्सिनचं घ्या. मंजुरी मिळाली त्या दिवशी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतून परिणामकारकतेचा आकडा आलेलाच नव्हता. म्हणून 'क्लिनिकल ट्रायल मोड', म्हणजे चाचणी चालू असल्यासारखी देखरेख ठेवूनच वापरा, अशी तोवर कोणी न ऐकलेली अट घातली. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली तेव्हा ही लस घेणाऱ्याला एका संमतिपत्रावर सही करावी लागायची, आणि त्यावर छापलं होतं की परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे. म्हणजे टीव्हीवर ११० टक्के आणि कागदावर 'अजून ठरायचंय'. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी त्याच दिवशी पत्र लिहून आम्हाला दुसरी लस द्या म्हणून कळवलं. ते काय व्हॉट्सॲप विद्यापीठाचे पदवीधर होते का?

गंमत अशी की लस चांगली निघाली. मार्चमध्ये अंतरिम आकडे आले, आणि २५,८०० जणांच्या चाचणीत शेवटी ७७.८ टक्के परिणामकारकता दिसली. दोन महिने थांबून अंतरिम आकडा हातात घेऊन बोलले असते, किंवा थांबता येत नव्हतं तर 'आकडा अजून नाही, पण साथ अंगावर येतेय, सुरक्षिततेची आत्तापर्यंतची माहिती अशी आहे, म्हणून आम्ही हा निर्णय घेतोय' एवढं सरळ सांगितलं असतं, तर काय बिघडलं असतं?

कोविशील्डच्या दोन डोसांतल्या अंतराचंही तेच. आधी ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८, १३ मे रोजी थेट १२ ते १६. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती बरी तयार होते याला आधार होता. पण हा निर्णय आला तो केंद्रांवर 'लस संपली आहे'च्या पाट्या लागल्या असताना. शास्त्र खरं होतं की टंचाई झाकली जात होती? माझ्या मते दोन्ही. पण 'दोन्ही' म्हणायची हिंमत एकाही पत्रकार परिषदेत दिसली नाही.

बोला.


उगाच_एक

मी चुंबकवाल्यांचा धागा समजून चमचे घेऊन आलो होतो. परत जातो. (हलके घ्या.)


डॉ_आडवाटे

धाग्याचा सूर पटला, पण पूर्ण नाही. मी त्या काळात लसीकरण केंद्रावर होते. सकाळी नऊला रांग, एका माणसाला फार तर दोन-तीन मिनिटं. त्यात कोणाला मधुमेह, कोणी रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांवर, कोणाला कधी काळी इंजेक्शनची रिअॅक्शन आलेली. अशा वेळी 'दशलक्षात अमुक इतक्यांना रक्ताची गाठ होते' हे वाक्य तुम्ही बोलून बघा. समोरच्याला 'गाठ' हा शब्द ऐकू जातो, 'दशलक्षात' ऐकू जात नाही. बाई उठतात आणि पिशवी घेऊन चालू लागतात. आणि बाहेर एप्रिल २०२१ चालू आहे, माझ्याकडे ऑक्सिजनचा बेड नाही.

शिवाय 'सांगितलंच नाही' हे तितकंसं खरं नाही. १७ मे २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय समितीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्यांची शक्यता असलेल्या २६ घटना तपासल्या होत्या. दहा लाख डोसांमागे ०.६१ असं प्रमाण दिलं होतं, ब्रिटनचा आकडा दहा लाखांत ४ आणि जर्मनीचा १० हेही त्याच पत्रकात होतं. लस घेतल्यावर २० दिवसांत छातीत दुखणं, दम लागणं, पायाला सूज, सतत डोकेदुखी असं काही झालं तर केंद्रावर कळवा, असंही लिहिलं होतं. जूनमध्ये दुसरा अहवाल आला. तपासलेल्या ३१ गंभीर घटनांपैकी एक मृत्यू थेट लसीमुळे, ६८ वर्षांचे गृहस्थ, तीव्र ॲलर्जी. सरकारने स्वतः मान्य केलेला पहिला मृत्यू. आम्ही लोकांना अर्धा तास बसवून ठेवायचो ते याचसाठी, आणि लोक आमच्याशी भांडायचे की उगाच का बसवता.

मग हे सगळं लोकांच्या लक्षात का नाही? कारण त्या आठवड्यात प्रत्येक घरात कोणी ना कोणी आजारी होतं. पत्रक कोण वाचतो?


कोपऱ्यातला

डॉक, हा प्रतिसाद धाग्यात वर लावायला हवा. पण बघा, तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. माहिती होती, प्रसिद्धही झाली, फक्त ती पत्रकात होती, पीडीएफमध्ये होती. कॉलर ट्यूनवर नव्हती! रोज तीन वेळा फोनवर ऐकू येणारा आवाज लस घ्या म्हणायचा, आणि २० दिवस कशावर लक्ष ठेवा ते सांगायचा नाही. 'गाठ' ऐकून दोन बायका उठून गेल्या असत्या हे मान्य. पण तीन वर्षांनी तीच 'गाठ' बातमीत ऐकून कोट्यवधी लोकांना वाटलं की आपल्यापासून लपवलं.


सरळरेघ

मी लस घेतलेली नाही. इथे लगेच दगड येतील म्हणून आधीच सांगतो, मला चिप-बिपमध्ये रस नाही, माझ्या मुलांना सगळ्या नेहमीच्या लसी दिल्या आहेत, पोलिओसकट.

माझा आक्षेप जबरदस्तीला होता. केंद्राने कोर्टात सांगायचं की लस ऐच्छिक आहे, आणि राज्याने १५ ऑगस्ट २०२१पासून लोकलचा पास दोन डोस आणि वर १४ दिवस झालेल्यालाच द्यायचा. मुंबईत लोकलशिवाय नोकरी कशी करतात हे मला कोणी शिकवा. म्हणजे नाव ऐच्छिक आणि पोट बांधलेलं. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी स्पष्ट सांगितलं की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, आणि प्रतिकूल घटनांची माहिती लोकांपुढे ठेवा. यातलं काय अंधश्रद्धाळू आहे?


नाना_खटपटे

सरळरेघ, त्याच निकालात सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी नाही असंही म्हटलंय. आणि तेव्हाच्या परिस्थितीत, म्हणजे संसर्ग ओसरलेला असताना, निर्बंध प्रमाणाबाहेर आहेत असं म्हटलंय. पुढे परिस्थिती बदलली तर सरकारला निर्बंध घालता येतील हेही आहे. अर्धा निकाल सांगितला की तोही फॉरवर्डच होतो.


सरळरेघ

मान्य, तेही आहे निकालात. माझा मुद्दा त्याने पडत नाही.


भिंगरी

माझी धाकटी जाऊ गावात आशा कार्यकर्ती आहे, तिच्याकडून ऐकलेलं लिहिते. शहरातल्या चर्चेत ही माणसं येतच नाहीत म्हणून.

एप्रिल २०२१च्या शेवटी बायकांमध्ये एक मेसेज फिरला. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका, तेव्हा प्रतिकारशक्ती कमी असते. अठरा वर्षांवरच्यांना १ मेपासून लस खुली होणार होती, बरोबर त्याच्या तोंडावर. सरकारी तथ्य पडताळणीने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, पण गावात ते पोचलं नाही, मेसेज पोचला. पाच आधीचे, पाच नंतरचे, मधले चार, महिन्याचे उरले किती? बायका मोजूनच नाही म्हणायच्या. मे महिन्यात दुसरा आला, एका फ्रेंच नोबेलवाल्या शास्त्रज्ञाच्या नावाने, की लस घेतलेले सगळे दोन वर्षांत मरणार. तो माणूस खरा, नोबेल खरं, लसीविरुद्ध काहीबाही बोलला होता हेही खरं. पण दोन वर्षांचं वाक्य त्याच्या तोंडचं नव्हतंच.

जाऊ काय करायची? ती अफवेला हातच लावायची नाही. 'ते खोटं आहे' असं म्हटलं की समोरची बाई म्हणते, म्हणजे मी खुळी का? ती आधीच सांगायची, ताप येणार. रात्रीतून येईल, अंग मोडेल, दुसऱ्या दिवशी रानात जाता येणार नाही, मजुरी बुडेल, म्हणून शनिवारी घ्या. ही तापाची गोळी. सकाळी मी येऊन जाते. आणि खरंच जायची. ज्या घरात तिने सांगितल्याप्रमाणे ताप आला, त्या घराने दुसरा डोस न सांगता घेतला! कारण ती बोलली तसं झालं होतं.

तिच्या शेजारच्या गावात मोठ्या गाडीतून साहेब आले, लाउडस्पीकरवर 'लस पूर्णपणे सुरक्षित आहे' म्हणून गेले. तिथे पहिल्या फेरीनंतर दोघांना ताप काय आला, पुढच्या फेरीला घरांना कुलपं.

अवांतर: मोबदला महिनोन् महिने अडकला होता, ते वेगळंच.


रानजाई_७

+१ भिंगरी. वाचनखूण साठवली.


नाना_खटपटे

भिंगरीताईंचा प्रतिसाद वाचून प्लेगची आठवण येणं साहजिक आहे. इथे अनेकांना वाटतं की अफवा हे मोबाइलचं पाप. जरा मागे जाऊ.

मुंबईत प्लेग उघड झाला सप्टेंबर १८९६मध्ये, मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचं कस्तुरबा. लोकांत बोललं जात होतं की गोरे डॉक्टर रुग्णांना मारून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी समजलं जाणारं तेल, काढतात. आज हसू येतं. पण तो काळ बघा. रुग्ण सापडला की घरातून उचलून नेत, नातेवाइकांना वेगळ्या छावणीत टाकत, घरातलं सामान जाळत. गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण प्लेगला औषधच नव्हतं. ज्या घरातून माणूस जिवंत गेला आणि प्रेतसुद्धा नीट हातात आलं नाही, त्या घराने आत काय चालतं याचं काय उत्तर स्वतःला द्यायचं? ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला, पुण्यात रँडच्या प्लेग समितीने सोल्जर घराघरांत घातले, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. कोविडमध्ये वापरला तो कायदा हाच बरं का, १८९७चा.

याच गदारोळात हाफकिन हा शास्त्रज्ञ मुंबईत प्लेगची लस बनवत होता. १० जानेवारी १८९७ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना. आगाखानांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतलं, त्याचा त्यांच्या खोजा समाजावर मोठा परिणाम झाला. ही लस प्लेग पूर्ण रोखत नव्हती, धोका साधारण निम्मा करायची. हाफकिन तसं सांगायचाही. स्वतः मोजमाप करणारा माणूस होता.

आणि मग मुल्कोवाल. पंजाबातलं गाव, ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना टोचलं. त्यातले १९ धनुर्वाताने गेले, आणि सगळे एकाच बाटलीतले. मोहिमेला जबर फटका बसला. सरकारने काय केलं? खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर फोडलं, हाफकिनला पदावरून हटवलं. चौकशीत मात्र असं पुढे आलं होतं की त्या बाटलीचं बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला. ही गोष्ट मान्य व्हायला १९०७ उजाडलं, रोनाल्ड रॉस वगैरे शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं तेव्हा. हाफकिनला परत बोलावलं, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९२५मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं. पाच वर्षं 'कोण चुकलं' हे नक्की न सांगितल्यावर लोकांनी लसच चुकली असं धरून चालणं यात नवल काय?


टिंबटिंब

लस पाश्चात्त्यांनी आणली हे आधी डोक्यातून काढा. धन्वंतरीच्या शाक्तेय ग्रंथात गायीच्या आचळावरच्या फोडांचं पाणी दंडावर टोचायचं स्पष्ट वर्णन आहे. आपल्याला सगळं माहीत होतं.


नाना_खटपटे

टिंबटिंब, हा मासा बरोबर गळाला लागला, धन्यवाद. :-)

हा 'ग्रंथ' पहिल्यांदा उगवला १८१९मध्ये, मद्रासच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात टोपणनावाने आलेल्या पत्रात. अशा नावाचा ग्रंथ आजवर कोणाला मिळालेला नाही. संशोधकांनी दाखवलंय की हा मजकूर एतद्देशीयांनी देवीची लस घ्यावी म्हणून रचलेला बनाव होता. लस परकी म्हणून लोक नको म्हणतात, मग ती तुमच्याच शास्त्रातली आहे असं सांगा! हेतू उत्तम. आणि दोनशे वर्षांनी तो बनाव तुम्ही इथे पुरावा म्हणून टाकताय.

जे खरं होतं ते पुरेसं मोठं आहे. बंगालात टिकादार, म्हणजे देवी टोचणारे लोक, आजारी माणसाच्याच फोडातला पू निरोग्याला टोचत, त्याचं तपशीलवार वर्णन हॉलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७मध्ये लंडनला छापलं, गायीच्या देवीची लस काढणाऱ्या जेन्नरच्या आधी जवळपास तीस वर्षं. त्यात धोका होता, पण उपयोगही होता. गायीच्या देवीची लस भारतात आली १४ जून १८०२ला, मुंबईत, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला. आपल्याकडचं खरं सोडून खोट्याच्या मागे का जायचं?


कोपऱ्यातला

नाना, साष्टांग. लसीच्या बाजूने बोललेलं खोटं दोनशे वर्षं टिकतं, हे मला सुचलंच नव्हतं.


सरळरेघ

मग आता माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या. फेब्रुवारी २०२४मध्ये कोविशील्डच्या मूळ कंपनीने, ॲस्ट्राझेनेकाने, ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलं की त्यांच्या लसीने अत्यंत क्वचित गुठळ्या होऊ शकतात. एप्रिलअखेर बातमी आली. मेमध्ये लस बाजारातून मागे घेतली. त्याच आठवड्यात इथे लसीच्या प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो गायब. आणि तरुण पोरं जिममध्ये, लग्नात नाचता नाचता कोसळतायत. एवढे योगायोग?


पाटीपेन्सिल

एकेक घेऊ. फोटो निवडणूक आचारसंहितेमुळे काढला, लोकसभा चालू होती. याआधी विधानसभा निवडणुकांच्या वेळी त्या त्या राज्यांतही काढला होता. लस मागे घेतली ती नव्या प्रकारांवरच्या लसी आल्यावर मागणी उरली नाही म्हणून, असं कंपनी म्हणते. कंपनीवर विश्वास ठेवू नका हवं तर, पण गुठळ्यांचा धोका २०२४मध्ये 'उघड' झाला हे चूक. युरोपात मार्च २०२१पासून जाहीर आहे. डेन्मार्कने लस थांबवलीच. ब्रिटनने एप्रिलमध्ये तिशीच्या आतल्यांना आणि मेमध्ये चाळिशीच्या आतल्यांना दुसरी लस द्या म्हणून सांगितलं. तो धोकाही लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला. तीन वर्षांनी लग्नात कोसळणाऱ्याशी त्याचा संबंध लावता येत नाही.

तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अभ्यास आहे, २०२३चा. ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाचे ७२९ मृत्यू, आणि तुलनेला २,९१६ जिवंत माणसं, त्याच वयाची, त्याच भागातली. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोसवाल्यांत उलट कमी दिसला. वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घराण्यात अचानक मृत्यू असलेल्यांत, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू पिणं किंवा जोरकस व्यायाम यांत. तरी २०२५च्या जुलैत कर्नाटकचे मुख्यमंत्री हासन जिल्ह्यातल्या मृत्यूंवरून लसीकडे बोट दाखवतात, आरोग्य मंत्रालय लगेच खुलासा करतं, आणि लोकांच्या लक्षात बोट राहतं.

आता उलट बाजू, म्हणजे सरळरेघ म्हणणार नाहीत की एकतर्फी आहे. मे २०२४मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातल्या गटाचा कोव्हॅक्सिनवरचा निबंध गाजला, ९२६ जणांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्याला काहीतरी त्रास. मथळे भयंकर. पण लस न घेतलेल्यांचा तुलनेचा गटच नव्हता आणि माहिती फोनवर विचारून घेतलेली. वर्षभरात तिघांतल्या एकाला सर्दी-खोकल्यासारखं काही होणार नाही तर काय? निबंध मागे घ्यावा लागला. शास्त्र म्हणून ते योग्यच झालं. पण सामान्य माणसाला दिसलं एवढंच की लसीविरुद्ध काही छापलं की दाबतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

'लस घेतलेलेच जास्त आजारी पडले' याचं गणितही एकदा मांडून टाकतो, दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं. समजा १,००० माणसं, ९०० लसवाली, १०० बिनलसीची. बिनलसीतले १० टक्के दाखल झाले, म्हणजे १०. लसीने धोका ८० टक्के कमी केला, म्हणजे लसवाल्यांतले २ टक्के, १८. वॉर्डात २८ जण, त्यात १८ लसवाले. पत्रकार जाऊन मोजणार आणि सांगणार, ६४ टक्के रुग्ण लस घेतलेले! आकडा खरा, अर्थ उलटा.


उगाच_एक

पाटीपेन्सिल, तुम्ही शाळेत गणित शिकवायला असतात तर मी आज इथे टवाळक्या करत नसतो.


डॉ_आडवाटे

पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत, फक्त एक जोड. योगायोगाची सगळ्यात मोठी किंमत तामिळनाडूत मोजली. अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ला लोकांनी घ्यावी म्हणून कॅमेऱ्यासमोर लस घेतली, दुसऱ्या दिवशी हृदयविकाराचा झटका, १७ला गेले. लसीचा संबंध नाही असं समितीने पुढे सांगितलं, पण त्याला कित्येक महिने लागले. तोवर काय काय पसरलं असेल? अशा वेळी तीन दिवसांत, अर्धवट का होईना, तज्ज्ञाने समोर येऊन 'आम्हाला इतकं कळलंय, इतकं कळायचंय' असं सांगायला हवं होतं. इथे मी धागाकर्त्यांच्या बाजूने.


सरळरेघ

गणित समजलं. तरुणांच्या मृत्यूंबद्दल मी यापुढे बोलणार नाही. पण भरपाईचं कोणीच बोललं नाही. ब्रिटनमध्ये लसीने गंभीर अपाय झाल्याचं ठरलं तर १,२०,००० पौंड एकरकमी मिळतात. इथे मुलगी गमावलेले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, तर नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राचं प्रतिज्ञापत्र काय, तर लस ऐच्छिक होती, सरकार जबाबदार नाही, दिवाणी दावा करा. ऐच्छिक! लोकलवाल्यांना विचारा.

दहा लाखांत अर्धा माणूस, असं म्हणता. त्या अर्ध्या माणसाच्या घरी कोण गेलं?


कोपऱ्यातला

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. सगळ्यांच्या भल्यासाठी एखाद्याने धोका पत्करला आणि तो त्याच्याच वाट्याला आला, तर त्याचं घर सांभाळणं हा लसीकरणाच्या खर्चाचाच भाग आहे. आणि भरपाई देणारं सरकार 'धोका शून्य' म्हणू शकत नाही, हा वरचा फायदा.


रानजाई_७

विषय थोडा बाजूला नेते, चालेल ना? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर रोज एक व्हिडिओ येतोय की यानेच वंध्यत्व येतं, आणि 'आंध्रात सात मुली मेल्या होत्या'. ते सात मुलींचं खरं आहे का?


डॉ_आडवाटे

खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकलंय. २००९-१०मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा भागात हजारो मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प चालू होता. सात मुलींचे मृत्यू झाले, पाच आंध्रात आणि दोन गुजरातेत, आणि एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, सर्पदंश, विहिरीत बुडणं अशी कारणं होती. पण त्याच चौकशीत हे बाहेर आलं की वसतिगृहातल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांच्या ऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस निर्दोष, देण्याची रीत सदोष. पुढे दशकभर ही लस देशव्यापी मोहिमेत आलीच नाही, आणि या कर्करोगाने बायका जात राहिल्या. वंध्यत्वाचं म्हणाल तर जगभर कोट्यवधी मुलींना देऊन झालीय, तसं आढळलेलं नाही. पोलिओच्या डोसाबद्दल उत्तर प्रदेशात नेमकी हीच अफवा होती.

नऊ ते चौदा हे वय उत्तम. पुण्याच्या सीरमची लस २०२३पासून उपलब्ध आहे. मुलीला आधीच्या कुठल्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर तुमच्या डॉक्टरांना आधी सांगा.


भिंगरी

रानजाई, ग्रुपवर उत्तर देत बसू नका. ज्या आयांशी तुमचं बोलणं आहे त्यांना एकेकीला फोन करा.


रानजाई_७

धन्यवाद दोघींना. नवऱ्याशी बोलले, घ्यायचं ठरलंय. मुलगी इथेच शेजारी बसून हे वाचतेय आणि विचारतेय की दुखतं का.


डॉ_आडवाटे

हो, दुखतं. या वयात इतर लसींपेक्षा थोडं जास्तच, दंड एक-दोन दिवस जड राहील. काही मुलींना टोचल्यावर चक्कर येते, म्हणून बसून घ्यायची आणि नंतर पंधरा मिनिटं उठायचं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी घेऊ नका. डावखुरी असेल तर उजव्या दंडात घ्यायला सांगा.